शेती, घर आणि गावाची कामे यांत आयुष्य गेलेल्या आजीविषयी काय लिहावे?

आपण लिहिले आहे की, आजीला जाऊन वर्ष होत आले, वर्षश्राद्धाला तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची आहे. ती जन्मभर शेतात राबली, घर सांभाळले, गावात कोणाचेही अडले तरी धावून गेली, पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ यापुढे लेखणी सरकत नाही. काही वर्षांपूर्वी मी नेमका इथेच अडलो होतो, म्हणून उत्तर लिहितो आहे. माझा अनुभव असा की, स्वभावाची विशेषणे बाजूला ठेवून तिच्या हातांनी काय काय केले आणि ते कसे केले हे लिहू लागले की लेखणी आपोआप चालते. मात्र त्यासाठी घरच्यांपेक्षा गावाला अधिक विचारावे लागते.

माझ्या थोरल्या चुलत्यांच्या पत्नीला आम्ही सगळी भावंडे ‘मोठी आई’ म्हणत असू. आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. तिचा जन्म कोणत्या तारखेचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ एवढेच ती सांगे, म्हणजे १९४८, ज्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि मराठवाडा भारतात आला. ती गेली २०१९ च्या जानेवारीत, येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला रानात पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण, होऊन पंधरा दिवसांनी. त्या येळवशीलाही रानातल्या कडब्याच्या कोपीत पांडवांना, म्हणजे पूजेच्या पाच दगडांना, चुना लावण्यापासून अंबिलाच्या मडक्याला हळदकुंकू लावण्यापर्यंत सगळे तिनेच केले होते आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही हाक मारून भज्जी आणि उंडे वाढले होते.

वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेचा पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहून टाकला. ‘गं. भा.’ या विधवेच्या उपाधीने सुरुवात, मग चुलत्यांचे नाव, मुलांची नावे, नातवंडांच्या पदव्या, आणि शेवटी त्या अत्यंत मायाळू, धर्मपरायण व कष्टाळू होत्या असे एक वाक्य. तिच्या थोरल्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, तो वाचून दाखवला. ताईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, यातलं आईचं कोणतं?” मी तो कागद बाजूला ठेवला आणि तिच्याविषयी लिहिलेले दुसरे काही कुठे सापडते का, ते शोधू लागलो.

त्या शोधाविषयी थोडे सांगतो, कारण आपल्या आजीच्या बाबतीतही बहुधा हेच घडेल. सातबाऱ्यावर तिचे नाव पहिल्यांदा आले ते २००४ साली, चुलते वारल्यावर, वारस म्हणून फेरफार झाला तेव्हा. तोवर त्या जमिनीत तिने चाळीस वर्षे खुरपण, काढणी आणि रास केली होती. चुलते छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून हिंडणारे. १९८६ साली चांदवडला झालेल्या शेतकरी महिलांच्या अधिवेशनाच्या गोष्टी ते आम्हा मुलांना सांगत असत. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावावर करावा म्हणून. अनेक गावांतल्या अनेकांनी तो केला, आमच्या चुलत्यांनी नाही केला. मला चुलत्यांविषयी आदर आहे आणि तरीही ही गोष्ट मला सलते, म्हणून पुस्तिकेत ती लिहिली. तिच्या मृत्यूची नोंद करताना व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ असे लिहिले गेले आणि मी स्वतः तिथे उभा असूनही ते दुरुस्त करून घ्यावे असे मला त्या क्षणी सुचले नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये, म्हणजे जमीन कसणारे म्हणून नोंदलेल्यांमध्ये, स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरले. शेतात गेले की कोणालाही दिसते की राबणारे हात तेवढेच नाहीत. कागदावर शोधायला गेलात तर आपली आजी आपल्याला फारशी भेटणार नाही, हे आधीच धरून चला.

मग मी वही घेऊन गावात बसलो, आठ दिवस. प्रश्न मुद्दाम छोटे ठेवले. ‘ती कशी होती?’ असे विचारले की सगळे डोळे पुसून ‘देवमाणूस होती’ म्हणत आणि बोलणे तिथेच संपे. ‘तुमच्या घरी ती पहिल्यांदा कधी आली होती? हातात काय होते? किती वेळ बसली?’ असे विचारले की माणसे सरसावून बसत आणि एकातून दुसरी आठवण निघत जाई. आपणही असेच विचारून पाहा.

शेतीतले तिचे एक काम मला लहानपणापासून दिसत होते, पण त्याचा अर्थ या आठ दिवसांत कळला. मालदांडी ज्वारी हुरड्यातून पुढे सरकली आणि दाणा टणक होऊ लागला की ती एकटीच रानात जाई. उभ्या पिकातून चालत ती ताटे निरखत असे, काठावरची सोडून रानाच्या मधल्या भागातली, कारण काठाच्या ताटाला ऊन-वारा आणि खत जास्त मिळते आणि त्याचे कणीस मुळातच फुगलेले दिसते, असे तिचे म्हणणे. कणीस हातात धरून ती अंगठ्याने दाणे दाबून बघे, मग ताट किती जाड आहे, खाली लोळले आहे का, पानावर डाग आहेत का, हे पाहून त्या ताटाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. काढणीच्या वेळी चिंधीची कणसे वेगळी निघत, राशीत जात नसत. ती माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, तुळईला टांगली जात, चुलीच्या धुराच्या वाटेवर, आणि पुढे दाणे झाडून राखेत कालवून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात बंद होत. मडक्याचे तोंड शेणाने लिंपलेले असे. आमच्या आळीतल्या पाच-सहा घरांची पेरणी या मडक्यावर होत असे, आणि कोणाला किती शेर बी दिले याचा हिशेब तिच्या तोंडी असे. परत घेताना ती सवाई, म्हणजे सव्वापट, घेत नसे. जेवढे दिले तेवढेच, पण ‘निवडून आण’ ही अट. खराब बी घेऊन आलेल्या माणसाला तिने उंबऱ्यावरून परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. यात माया होती आणि कडकपणाही होता.

१९७२ च्या दुष्काळाविषयी ती फार बोलत नसे. खडी फोडायला जात होती, खायला सुकडी मिळायची, मिलो नावाच्या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरीला चव नसायची, एवढेच. तळहातावर खडीची जुनी खूण होती. तिला वाटेल तेवढेच लिहावे म्हणून मीही पुस्तिकेत तेवढेच लिहिले.

ज्या गोष्टीसाठी गाव तिला आजही आठवते ती मात्र विस्ताराने सांगायला हवी. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात घरेच्या घरे माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली, कित्येक गावे पार जमीनदोस्त झाली. आमच्या गावात भिंती फुगल्या, काही पडल्या, पण जीव वाचले. मी तेव्हा सातवीत होतो. त्या सकाळी मोठ्या आईने अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली आणि घरात होते नव्हते ते सगळे पीठ काढून भाकरी थापायला बसली, एवढे मला स्वच्छ आठवते. भाकरी लुगड्याच्या धडप्यात बांधून, डोक्यावर घेऊन, ती आणि ताई चिखल तुडवत शेजारच्या पडलेल्या गावाकडे गेल्या, कारण वरून पाऊसही लागला होता.

तिथे एक बाई होती, तिची दोन्ही मुले गेली होती. ती बोलत नव्हती, रडतही नव्हती, हातात दिलेली भाकरी तशीच धरून बसत असे. ताईने मला सांगितले ते असे. दुसऱ्या दिवशी मोठ्या आईने भाकरीबरोबर जुनी लुगडी आणि सुईदोरा नेला, पत्र्याच्या आडोशाला वाकळ, म्हणजे गोधडी, पसरली आणि त्या बाईला म्हणाली, “माय, मला सुईचं भोक दिसंना झालंय, एवढा दोरा ओवून दे.” तिची नजर तेव्हा ठणठणीत होती, तांदळातला खडा ती कंदिलाच्या उजेडात वेचत असे. त्या बाईने बऱ्याच वेळाने दोरा ओवून दिला. थोड्या वेळाने मोठ्या आईने पुन्हा दोरा संपवला आणि पुन्हा सुई पुढे केली. तिसऱ्या दिवशी ती बाई वाकळेच्या दुसऱ्या टोकाला बसून टाके घालू लागली आणि टाके घालता घालता रडली. दुःखात पडलेल्या माणसाला काय द्यावे हे ताईच्या आईला कोणी शिकवले नव्हते, पण पुढे मदतीला आलेल्या कित्येक शिकलेल्या लोकांपेक्षा तिला ते नेमके कळत होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पुढे सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पार कोसळलेली गावे नव्या जागी वसवली गेली, आणि आमच्यासारख्या तडे गेलेल्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झाले, हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानावर. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. घर कसे पक्के करायचे हे लोकांना समजावणे आणि लोकांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम. आमच्या गावात हे काम एका तरुण, दहावी झालेल्या सुनेकडे आले. तिला घरोघर एकटीने फिरायची चोरी होती, म्हणून मोठी आई रोज तिच्याबरोबर निघू लागली. तिचे नाव कोणत्या यादीत नव्हते आणि तिला त्याची गरजही वाटली नाही.

अडचण समजुतीचीच होती. आमच्याकडच्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडाच्या. पण त्या आतून एकसंध नसत. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये माती आणि कपचीचा भराव. वर माळवदावर फूट-दोन फूट मातीचा थर, आणि दरवर्षी पावसाआधी गळती थांबावी म्हणून त्यावर आणखी माती. धरणी हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचे ओझे खाली आले. उपाय साधे होते: माळवदाची माती कमी करणे, लाकडी खांब आणि तुळया यांना तिरपे आधार देणे, आणि भिंतीला जागोजाग आरपार भोके पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरणे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. पण धडधाकट दिसणाऱ्या भिंतीला भोके पाडायला कोण तयार होणार? अनुदानाच्या पैशांत समोर पत्र्याची एक खोली काढावी, असे बहुतेक पुरुषांचे मत. अभियंते येऊन आकृत्या दाखवून जात आणि लोक माना डोलावून गप्प बसत.

मोठी आई माणसांशी वाद घालत नसे. ती घरात जाऊन बायकांसमोर पांघरायची वाकळ उलगडायची आणि विचारायची, “ह्यातले टाके उसवले तर काय हुईल? पदर सुटतेत का न्हाई? भितीलाबी पदर हैत. तिला टाके घाला म्हणतेत साहेब, दुसरं काय न्हाई.” तेवढ्यावर बायकांच्या ते ध्यानात यायचे आणि मग रात्री घराघरांत पुरुषांशी बोलणे व्हायचे. पहिली भोके तिने स्वतःच्या माजघराच्या भिंतीला पाडून घेतली. दूध घालणाऱ्याच्या हिशेबाच्या तिने ओढलेल्या चुन्याच्या रेघा त्या भिंतीवर होत्या, त्या गिलाव्याखाली गेल्या. महिनाअखेरीस तिने तोंडी हिशेब सांगितला आणि तो दूधवाल्याच्या वहीशी जुळला. आमच्या गावात आजही लोक ती भोके भरलेली जागा दाखवून ‘हे टाके’ म्हणतात. गवंड्यांच्या तोंडीसुद्धा तोच शब्द बसला आहे.

बचत गटाविषयी मी पुस्तिकेत एकच परिच्छेद दिला, कारण त्या कथा बहुतेक गावांत सारख्याच असतात. ती पंचेचाळिशी उलटल्यावर सही करायला शिकली ती या गटाच्या वहीसाठी. पहिल्या पानावर अंगठा आहे, सातव्या पानावर डोंगरासारखी वाकडी सही आहे, आणि मधल्या पानांवर दोन्ही आहेत, म्हणजे आधी सही करून मग खात्रीसाठी शेजारी अंगठाही उठवलेला. त्या सातव्या पानाचे छायाचित्र आम्ही मुखपृष्ठावर घेतले. तिचा फोटो आत टाकला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दिवसांत आमच्या आळीतल्या एकमेव चालू बोअरपाशी बायकांच्या घागरींचा क्रम तीच लावत असे. तान्हे मूल घरी असलेली पहिली, मग म्हातारी माणसे, मग बाकीच्या, आणि आमच्या घरची घागर शेवटी. त्यावरून आमच्याच घरात तिच्याशी भांडण झाले होते, हेही मला आठवते.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर आम्ही दोन दिवस अडलो. ताई अभ्यासात हुशार होती, पण सातवीनंतर तिची शाळा मोठ्या आईनेच बंद केली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, घरी धाकटी भावंडे होती, खुरपणाला हात कमी पडत होते. मला वाटले, वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत हे नको. ताई म्हणाली, “लिही. मला त्याचा राग होता, आणि तिलाही ते माहीत होतं. माझ्या मुलींच्या फीसाठी तिने पाटल्या मोडल्या, तेही त्याच्या खालीच लिही.” मी दोन्ही तसेच लिहिले. आपल्या आजीच्या आयुष्यातही असे काही असेल, तर ज्यांना ते लागले त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहावे. ते गाळले तर वाचणाऱ्या जवळच्या माणसांना ती परकी वाटू लागते.

आता आपल्या कामाचे काही. पहिल्यांदा आजीच्या बरोबरीच्या, हयात असलेल्या बायकांकडे जा, कारण त्या दरवर्षी कमी होत आहेत. माहेरच्या गावीही एकदा जाऊन या. सासरच्यांना तिचे पहिले पंधरा-सोळा वर्षांचे आयुष्य ठाऊकच नसते आणि अनेकदा तिचे माहेरचे नावही वेगळे असते. तिचे शब्द ती जशी उच्चारत होती तसेच लिहा, शुद्धलेखनाच्या नादाने बदलू नका. तिच्या हातच्या पदार्थांविषयी लिहायचे असेल तर कृती लिहा, मापे तिच्या वाटीची द्या. आणि तिच्या नेहमीच्या एका दिवसाचा हिशेब पहाटेपासून रात्रीपर्यंत मांडून बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळपास पाच तास, बिनपगारी जातात असे आढळले. मोठ्या आईचा आम्ही मांडलेला हिशेब शेण काढण्यापासून निखारे झाकण्यापर्यंत याहून खूप मोठा निघाला, शेतातले तास वेगळेच. तो दिनक्रम आम्ही पूर्ण एका पानावर छापला. गावातल्या पुरुषांनी सर्वांत जास्त वेळ तेच पान वाचले.

शेवटी एक सांगतो. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तिका वाटून झाल्यावर एक वृद्ध बाई काठी टेकत माझ्याकडे आल्या. नातवाने त्यांना वाकळेची गोष्ट वाचून दाखवली होती. त्यांनी मला खाली बसवले आणि म्हणाल्या, “लेकरा, तू तीन दिस लिवलंस. तीन न्हवं. अकरा.” ताई तीन दिवस बरोबर गेली होती, नंतर तिला घरी ठेवून मोठी आई एकटीच जात राहिली, आणि ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. त्या सांगू लागल्या. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती आणि त्यांच्या घरात पेरायला ना माणूस उरला होता ना बी. अकराव्या दिवशी मोठी आई भाकरीऐवजी ज्वारीचे गाठोडे घेऊन आली, कोणाची तरी बैलजोडी मागून आणली, आणि यांना हाताला धरून रानात नेले. तिफणीमागे दोघी चालल्या. चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या तोंडावर, मूठ यांची होती, आणि मोठी आई शेजारून ओटीतले बी त्यांच्या मुठीत भरत होती. “बी तिचंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “चिंधीचं.”

उरलेल्या साठेक प्रतींवर त्या रात्री ताईने आणि मी बसून पेनाने ‘तीन’ खोडून ‘अकरा’ केले. चाड्याची गोष्ट त्या पुस्तिकेत नाही. ती मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे.